गुब्बिओची १५ मे: चेरींच्या मागे एक दिवस

इटलीतल्या गुब्बिओ गावात चेरींचा, म्हणजे उंच लाकडी खांब खांद्यावर घेऊन धावण्याचा, उत्सव बघायला गेले होते. सकाळी साडेदहाला पियात्सा ग्रांदे या मुख्य चौकात पोचले, तर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या मागून जाणाऱ्यांना पहिला सल्ला हाच, की नऊलाच चौक गाठा, पोटभर खाऊन आणि पाण्याची बाटली घेऊन. एकदा गर्दी दाटली की दुपारपर्यंत हलता येत नाही.

उंब्रिया प्रांतातलं हे डोंगरउतारावरचं गाव दरवर्षी १५ मे रोजी आपल्या ग्रामसंताच्या, संत उबाल्दोच्या, पुण्यतिथीची पूर्वसंध्या साजरी करतं. उबाल्दो बाल्दासिनी इथले बिशप होते. १६ मे ११६० रोजी ते वारले आणि ११९२ साली त्यांना संतपद मिळालं. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या कोपातून त्यांनी गाव वाचवलं, अशी इथली श्रद्धा आहे.

चेरो म्हणजे मेणबत्ती, अनेक असतील तर चेरी. नाव मेणबत्तीचं असलं तरी वस्तू लाकडी आहे: एकावर एक उभे केलेले दोन अष्टकोनी खांब, चार मीटरहून उंच, आणि माथ्यावर संताची छोटी मूर्ती. वजन २८० किलोच्या आसपास. गवंड्यांचा चेरो संत उबाल्दोचा, त्यांचे सदरे पिवळे. व्यापारी-कारागिरांचा संत जॉर्जचा, निळे. शेतकऱ्यांचा संत अँथनीचा, काळे. पांढरी विजार, कमरेला लाल शेला आणि गळ्यात लाल रुमाल मात्र सगळ्यांना सारखाच. रंग घराण्यात चालत येतो. माझ्या शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर बसलेल्या चार वर्षांच्या नातवालाही काळाच सदरा होता.

साडेअकराला तिन्ही चेरी उभे करतात, आणि इथे माझे डोळे भरून आले. आधी ते आडवे असतात. कापोदिएची, म्हणजे त्या तुकडीचा नायक, चेरो ज्यावर बसवतात त्या लाकडी चौकटीवर चढून चिनी मातीच्या रंगीत घड्यातलं पाणी दोन्ही जोडणाऱ्या खुंटीच्या जागी ओततो आणि रिकामा घडा गर्दीत भिरकावतो. पुढच्याच क्षणी चेरो एका झटक्यात सरळ उभा राहतो. चौकात एकच गर्जना उठते. फुटलेल्या घड्याची खापरी शुभ मानतात, म्हणून लोक त्यावर तुटून पडतात. आजोबांना दोन मिळाल्या, त्यातली एक त्यांनी माझ्या हातावर ठेवली. अंगठ्याएवढी, कडेला निळी रेघ, आतून अजून ओली. या गडबडीत मुलांना खाली उतरवू नका. वरच्या मनोऱ्यातली १७६९ सालची मोठी घंटा तेव्हा वाजत असते, आणि ती वाजवणारे पायांनी ढकलून वाजवतात.

दुपारी चेरी गावात घरोघरी दर्शन देत फिरतात आणि मग विसावतात. जेवायची हीच वेळ. या दिवशी खारवलेला कॉड मासा खायची रीत आहे. शाकाहारींनी क्रेशा मागावी: तव्यावर भाजलेली जाड भाकरी, आत चीज आणि परतलेला पाला.

संध्याकाळी सहाला बिशपांचा आशीर्वाद झाला की धाव सुरू होते. गल्ल्यांतून, चौकातून, मग इंजिनो डोंगर चढून माथ्यावरच्या बॅसिलिकापर्यंत, म्हणजे संत उबाल्दोच्या मोठ्या चर्चपर्यंत, चार किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. खांदेकरी दमले की पळतापळताच दुसरे खांदा देतात. बरेच पाहुणे विचारतात, जिंकलं कोण? प्रश्नच चुकीचा आहे. क्रम ठरलेला असतो: उबाल्दो, जॉर्ज, अँथनी. कोणी कोणाला ओलांडत नाही. चेरो तिरपा होऊ नये, पडू नये, दोघांत अंतर राहू नये, यातच तुकडीची इज्जत. चुरस फक्त शेवटी असते: संत जॉर्ज आत शिरायच्या आत उबाल्दोवाले बॅसिलिकाचं दार लावू पाहतात. मला या उत्सवात हेच सगळ्यात मोलाचं वाटलं, की इतकं जीव तोडून पळायचं आणि पुढे जायचंच नाही.

उभं कुठे राहायचं? उतारावरच्या अरुंद गल्लीत मुळीच नको. तिथे चेरो अंगावर येतो आणि भिंतीखेरीज मागे काही नसतं. ‘वीया केक्कोली!’ अशी हाक ऐकली की आले आले म्हणून समजा, बाजूला व्हा आणि मोबाइल खाली करा. चढावर थांबायचं असेल तर चार वाजताच डोंगराची वाट धरा, बूट चांगले घाला.

गावात रेल्वे नाही. रोम–आंकोना मार्गावर फोस्सातो दि विकोला उतरून बस घ्यावी लागते. उत्सव रात्रीपर्यंत चालतो, म्हणून मुक्काम गावातच ठेवा आणि खोली काही महिने आधी धरा. मी उशिरा शोधली आणि दुप्पट पैसे मोजले. १६ तारीख हाताशी ठेवा. बॅसिलिकात काचेच्या पेटीत संताचा देह आहे, आणि चेरीही आता वर्षभर तिथेच राहतील. वर जायला दोन माणसांनी उभं राहायचे उघडे पिंजरे असलेला रोपवे आहे, त्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. सोबत मुलं असतील तर २ जूनला या. त्या दिवशी छोट्या चेरींना खांदा देतात ती गावातली मुलंच.

रात्री चेरी वरच राहतात, पण मूर्ती गाणी म्हणत खाली आणतात. मी वाटेत एका ओट्यावर बसले होते. सकाळचे तेच आजोबा समोरून गेले, घसा बसलेला, तरी गात होते. नातू खांद्यावर झोपला होता.