उंबरठ्यांचे ठसे आणि कला केंद्राची ग्रँट: माझा अनुभव

ही ग्रँट कशी मिळाली असं बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. आमची खोली मुंबईत ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळीत (ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी), १६० स्क्वेअर फूट, रीडेव्हलपमेंटमध्ये ५०० फुटांचा फ्लॅट मिळणार याचा आनंद घरात सगळ्यांना आहे, मलाही आहे, पण शंभर वर्षांचे उंबरठे एका दिवसात डेब्रिजमध्ये जाणार हे मनाला पटत नव्हतं. म्हणून खोल्या रिकाम्या व्हायच्या आत प्रत्येक उंबरठ्यावर पातळ कागद लावून कोळशाने घासून ठसा घ्यायचा ठरवलं.

वस्तीत लोकांबरोबर काम करणाऱ्या कलाकारांसाठी एका कला केंद्राची छोटी ग्रँट होती, तिथे अर्ज केला. फोटो मस्त होते, बजेटमध्ये कागद, फ्रेम, प्रिंटिंग, टॅक्सी, माझं मानधन सगळं होतं. मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न आला, चाळीतल्या बायका तुम्हाला दोन-दोन तास देणार, त्यांचे पैसे कुठे धरलेत? आणि ठसा कोणाचा, तुमचा की त्यांचा? अर्ज परत आला, पंधरा दिवसांत सुधारून द्या म्हणाले.

मला रागच आला होता खरं तर, आपल्याच चाळीत कसलं मानधन! घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुझी आजी गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची, डाळ-तांदळाचा हिशोब वहीत असायचा, तिच्या हातांचा कधी कोणी मांडला का? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, खानावळीत जेवणारे मेंबर हळूहळू गावाला गेले, कित्येकांची उधारी तशीच राहिली आणि खानावळ बंद पडली. हे मी लहानपणापासून ऐकतेय पण त्या दिवशी लागलं.

मग बजेट नव्याने केलं. फ्रेम काढून टाकल्या, बसणाऱ्या प्रत्येक बाईला मानधन, मूळ ठसा त्यांच्या घरी, माझ्याकडे फक्त फोटो. संमतीपत्र एका पानाचं, साध्या मराठीत, आधी वाचून दाखवायचं मग सही. हे पास झालं. पैसे दोन हप्त्यांत आले, दुसरा हप्ता पहिल्याचा हिशोब दिल्यावर, त्यामुळे कोळशापासून चहापर्यंत बिलं पहिल्या दिवसापासून जपा, नंतर दुकानदार देत नाहीत.

शेजारच्या काकूंच्या उंबरठ्यावर घोड्याची नाल ठोकलेली, ती खिळ्यांसकट कागदावर उमटली. मध्ये मात्र लाकूड इतकं झिजलेलं की कोळसा धरेना, हातभर जागा पांढरीच राहिली. मी परत घासायला लागले तर काकूंनी हात धरला, म्हणाल्या राहू दे, इथेच बसून तांदूळ निवडलेत मी.

आमच्या मजल्यावरच्या तीन खोल्या अजून बाकी आहेत. त्यातलं एक कुटुंब रविवारी ट्रान्झिट कॅम्पात जातंय, म्हणून शनिवारी सकाळीच कागद घेऊन बसायचंय.