मोरचुदाने खाल्लेला हौदा

रविवार, रात्री

आज ग्राइंडर लावून हौद्याचा, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाचा, सगळा तळ कापून काढला. गाडी २०११ ची बोलेरो पिकअप, ती दुरुस्त करायला घेतलीय. दरवाजे, बॉनेट, केबिन अजून धड आहे. गंज आहे तो हौद्यात, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. केबिनच्या पाठीशी अण्णा फवारणीचे ड्रम उभे करायचे, तिथे पत्र्याची चाळण झालीय. डाव्या अंगाला खताच्या गोण्या असायच्या, तिथे पापुद्रे सुटलेत. मागच्या उघडत्या फाळक्याजवळ मात्र फक्त क्रेट चढले-उतरले, तिथे नुसते ओरखडे. आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबादच्या द्राक्षबागेचा सगळा हिशेब त्या पत्र्यावर वाचता येत होता.

द्राक्षवाल्यांना याचं कारण सांगायला नको. फवारणीच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असतं. मोरचूद लोखंडाला लागलं की लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. म्हणून तर बोर्डो प्लास्टिकच्या ड्रमात कालवतात, आणि चुना पुरेसा पडलाय का ते बघायला त्यात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी आहे. मी शाळेत असताना अण्णांनी हे मला करून दाखवलं होतं, आणि मला ती जादू वाटली होती. तेच हौद्यात थेंबाथेंबाने वर्षानुवर्षं चाललं होतं. खताचं वेगळं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि असं ओलसर खत पत्र्याच्या जोडात बसलं की बाहेरून पाणी मारून निघत नाही.

चेसिसवर हातोडी वाजवत पुढून मागे गेले. सगळीकडे खणखणीत आवाज. आज त्याचाच आनंद सगळ्यात मोठा. चेसिस बद्द वाजली असती तर पुढचं काही लिहायचं कारणच नव्हतं.

मंगळवार

एकूण पैसे ८०,०००. जो येतो तो काहीतरी सुचवून जातो. आतेभावाला अलॉय हवेत, शेजारच्या काकांना म्युझिक. मी वहीत क्रम लिहून ठेवलाय: आधी गाडी थांबली पाहिजे, मग सरळ वळली पाहिजे, मग वजन पेललं पाहिजे, मग पळणं, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. पैसे जिथे संपतील तिथे काम थांबेल, पण क्रम मोडणार नाही.

पेठ रोडला चाचा मिस्त्रींकडे गाडी ओढून नेली. इंजिन उघडायचं की नाही, यावर अर्धं बजेट लटकलं होतं. चाचांनी इंजिन गरम होऊ दिलं, मग चालू इंजिनवरच ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर गेलेले असले की तिथून धूर भकाभका बाहेर येतो. इथे किंचित वाफ, बस. सायलेन्सरमधून निघणारा धूर काळा होता. निळा असता तर ऑइल जळतंय असं समजायचं. काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही.

"बेटा, इंजिनला हात लावायचा नाही," चाचा म्हणाले. "नोझल काढून टेस्टिंगला दे, एअर फिल्टर बदल, टॅपेट मी लावून देतो."

किती हलकं वाटलं! २५२३ सीसीचं इंजिन खोलायचं म्हणजे लेथवाला, स्लीव्ह, पिस्टन, गॅस्केट, आणि एकदा खोललं की कुठे थांबायचं ते आपल्या हातात राहत नाही. जुन्या गाडीत पैसे वाचतात ते स्वस्त पार्ट आणून नाही, चांगल्या पार्टला हात न लावून वाचतात. असा सल्ला देणारा मिस्त्री मिळणं मोठी गोष्ट आहे, कारण त्याची मजुरी त्यातच बुडते.

गुरुवार

मागच्या ड्रमचे लायनर, व्हील सिलिंडर, पुढचे पॅड, सगळं नवीन. यात एक रुपयाही वाचवला नाही. उजव्या कमानीचा (स्प्रिंगचा) एक पाटा तुटलेला निघाला. तो एकच बदलला, बुश आणि यू-बोल्ट मात्र दोन्हीकडचे घेतले. सेल्फ (स्टार्टर) अंबड लिंक रोडच्या भंगारातून आणला, बॅटरीवर फिरवून बघूनच.

शनिवार

पत्र्यावरून आज अण्णांशी वाद झाला. त्यांना ३ मिलिमीटरचा हवा, "पुन्हा बघायला नको." मी सातपूरला प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्राच बघते, त्यामुळे कागदावर मांडून दाखवलं. एक चौरस मीटर पोलादी पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. आपला हौदा साधारण सव्वाचार चौरस मीटर. म्हणजे २ ऐवजी ३ घेतला तर तेहेतीस किलो वजन कायमचं वाढलं. पिंपळगावला टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, म्हणजे दर खेपेला दीड क्रेट माल कमी न्यायचा. आणि मोरचूद जाड-पातळ बघत नाही, त्याला आडवा येतो तो रंग. अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ड्रमखाली प्लास्टिकचा ट्रे कर."

तोच माझा बदल! तीन बाजूंनी कड असलेला जाड प्लास्टिकचा ट्रे, मागच्या बाजूला उतार, सांडलेलं पाणी नळीने सरळ खाली. तळाला दोन हात इपॉक्सी प्रायमर, जोडांत सीलर, वर रबरी मॅट. मॅट उचलता येईल अशीच ठेवायची. चिकटवली तर तिच्याखाली पाणी राहणार.

पुढचा लोखंडी गार्डही उतरवला. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने असे गार्ड बेकायदा ठरवून कारवाई करायला सांगितलं होतं, तरी आमचा तसाच होता. त्याचा पाइप कापून क्रेट बांधायच्या कड्या केल्या, हौद्याच्या आतून. हौद्याच्या बाजूच्या फळ्या उंच करायचा मोह अण्णांना होता. मी नको म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ गाडीत असे बदल करू देत नाही, आणि उंच फळी म्हणजे जास्त माल, जास्त माल म्हणजे पुन्हा पाटे.

बुधवार

रंग पांढराच ठेवला. दुसरा दिला असता तर आरसीवर नोंद करत बसावं लागलं असतं. दरवाज्यावरचा पोचा लांबी (पुट्टी) भरून काढायला पेंटर तयार होता, पण त्या पैशात स्टेपनी येते. पोचा राहिला. परावर्तक पट्ट्या नियमाप्रमाणे नव्या लावल्या: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. फाळक्यावरचं नाव मात्र रेडियमने नाही, ब्रशने लिहून घेतलं. त्या पेंटरचा हात बघत मी तासभर उभी होते. वेलांटीचा वळसा तो एका श्वासात काढतो. हा खर्च क्रमात नव्हता आणि तो केल्याचा मला आनंद आहे.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, आपली तारीख पुढच्या आठवड्यातली. त्याआधी स्टेपनी घ्यायची, हेडलाइटचा फोकस लावून घ्यायचा, हॉर्नची वायर बदलायची. सीटचं कुशन फाटलेलंच आहे. ते काढणी झाल्यावर, पैसे आले की.