तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द सायलेंट पेशंट’ आवडली की नाही?

ओळखीतल्या कुणी ‘द सायलेंट पेशंट’ वाचून संपवली की मला हटकून विचारतात, “तुला आवडली की नाही, एकदाचं सांग.” मी म्हणते, “आवडली, पण…” आणि समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून आज त्या ‘पण’विषयी. शेवट फोडणार नाही, काळजी नसावी.

अ‍ॅलेक्स मायकेलिडीस यांची ही पहिलीच कादंबरी, २०१९ची. अ‍ॅलिशिया बेरेन्सन ही चित्रकार नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर तोंडातून अक्षर काढत नाही. पोलिसांपुढे नाही, कोर्टातही नाही. काही वर्षांनी थिओ फेबर हा मानसोपचारतज्ज्ञ, तिला जिथे ठेवलंय त्या लंडनमधल्या मनोरुग्णालयात नोकरी धरतो. तिला बोलतं करायचंच म्हणून. प्रकरणं छोटी, मध्येमध्ये तिची डायरी. ‘एवढं एक प्रकरण आणि झोपते’ असं घोकत मी पहाट केली आणि शेवटाशी आले तेव्हा ताडकन उठून बसले. ते श्रेय लेखकाचंच.

दुसऱ्यांदा मात्र पेन्सिल घेऊन बसले. आपल्याला फसवलं कुठे ते शोधायला. गंमत म्हणजे चोर सापडेना! चकवा वाक्यांत नाहीच, मांडणीत आहे. पहिल्या वाचनात मी थिओवर सारखी चिडत होते. पेशंटच्या दिराला गाठ, नातलगाला गाठ, शेजारणीकडे जा. उपचार करतोयस की हेरगिरी? दुसऱ्या वेळी लक्षात आलं, माझं चिडणंही लेखकाने हिशेबात धरलं होतं. हे मानलं. पण त्याच वाचनात बाकीची माणसं बुजगावण्यांसारखी दिसू लागली. संशय घ्यायला उभी केलेली, काम झालं की शेतातच सोडून दिलेली. आणि ती डायरी! दिवसभराचं भांडण अवतरणचिन्हांसकट, ज्याचं त्याचं वाक्य जसंच्या तसं कोण लिहून ठेवतं हो?

हे सगळं मी पोटात घातलं असतं. रहस्यकथेला एवढी सूट देतोच आपण. खरा ‘पण’ वेगळाच आहे.

खुनानंतर अ‍ॅलिशिया स्वतःचं एक चित्र काढते आणि त्यावर एकच नाव लिहिते: अल्सेस्टिस. हे प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीझचं नाटक, इ.स.पू. ४३८मध्ये रंगमंचावर आलेलं. राजा अ‍ॅडमीटसचं मरण टळणार असतं, त्याच्या जागी दुसरं कुणी मरायला तयार झालं तर. म्हातारे आईबाप नकार देतात, बायको अल्सेस्टिस जाते. पुढे हेराक्लीस हा ग्रीक वीर तिला मृत्यूच्या तावडीतून सोडवून आणतो. बुरख्याआडची ती बाई नवऱ्यासमोर उभी राहते आणि बोलत नाही. नाटकात त्याला कारण दिलंय: तिच्यावर पाताळातल्या देवांचा हक्क आहे, तो सुटेपर्यंत, म्हणजे तिसरा दिवस उजाडेपर्यंत, तिचा आवाज ऐकता येणार नाही. मला हे कारण कधीच पटलेलं नाही. ज्याने आपल्याला मरू दिलं त्याच्याशी परत आल्यावर काय बोलायचं असतं? नाटक तिथेच संपतं, आणि ती गप्पच राहते.

ग्रीक परंपरा रुजलेल्या सायप्रसमध्ये जन्मलेल्या लेखकाला ही कथा सापडावी यात नवल नाही. त्याने ते मौन उचललं आणि कितीतरी पानं ते तुडुंब भरलेलं ठेवलं. कादंबरीतलं मला सर्वांत आवडलेलं हेच. मग उलगडा होतो, आणि त्या मौनाचं कुलूप होतं. किल्ली लागली, उघडलं, आत एक घटना होती, बस्स. अ‍ॅलिशियाने पन्नासाव्या पानावर तोंड उघडलं असतं तर कादंबरी तिथेच आटोपली असती, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. म्हणजे गप्प राहण्याची गरज तिला होती की लेखकाला? युरिपिडीझच्या राणीबद्दल हा प्रश्न मला पडत नाही.

तरी वाचा. एक रात्र जाईल, आणि ती वाया गेली असं वाटणार नाही. प्रत हवी असेल तर माझी घेऊन जा. फक्त द्यायच्या आधी मला पेन्सिलीच्या खुणा खोडू द्या, नाहीतर दहाव्या पानावरच सगळं कळेल.