कन्सोलचा शोध: एप्रिलच्या उन्हापासून दिवाळीपर्यंत

एप्रिल २०२५

घरी पहिला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घ्यायचाय. यादीत पाच नावं आहेत: सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस५) स्लिम डिस्कवाला, पीएस५ स्लिम डिजिटल (यात डिस्क जात नाही, गेम नेटवरून उतरवायचे), मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स, त्यांचाच सिरीज एस आणि निन्टेंडो स्विच. टीव्ही घरातलाच राहणार, ४३ इंची, ४के, ६० हर्ट्झ. असा टीव्ही सेकंदाला ६० च चित्रं दाखवतो, त्यामुळं १२० फ्रेमची चर्चा माझ्यापुरती मिटली.

टेराफ्लॉपचे, म्हणजे यंत्राच्या ग्राफिक्सच्या ताकदीचे, आकडे आपल्यासारख्या गेमवेड्यांना पाठ आहेत. सिरीज एक्स १२, पीएस५ १०.२८, सिरीज एस ४. त्यावर रात्र रात्र बोलता येतं आणि मला ते आवडतंही. पण या महिन्यात मी तिकडं वळलेच नाही. टीव्हीखालच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवून बसले. पीएस५ वापरण्यासाठी सोनीनं दिलेलं तापमान ५ ते ३५ अंश आहे, आणि आपल्याकडं सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे बाहेर ४० च्या वरच. पत्र्याचं छत नसलं तरी स्लॅब संध्याकाळी सातपर्यंत ऊन सोडत राहतो. दुपारी तीन वाजता बंद कप्प्यात ३९ अंश दिसले, तेही आत कुठलंच यंत्र चालू नसताना. कप्प्याचं दार काढल्यावर ३७. टीव्हीच्या वरच्या उघड्या फळीवर, पंख्याच्या वाऱ्यात, ३५ च्या आसपास.

म्हणजे पहिला निर्णय कन्सोलचा झालाच नाही, जागेचा झाला. जो येईल तो उघड्या फळीवर बसणार, मागं वीतभर मोकळी जागा सोडून. उन्हाळ्यात खेळ रात्री नऊनंतर किंवा सकाळी लवकर. कूलर चालू असेल तर त्याच्या थेट झोताखाली यंत्र ठेवायचं नाही, कारण पॅड भरून वाहत असले की थेंब उडतात.

दुसरी गोष्ट तंतूंची. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. टॉवेलचा माल निघतो तिथं हवेत कापसाचा भुगा असतोच. आमच्या टेबलफॅनच्या जाळीवर महिन्याभरात पांढरा थर बसतो. तोच थर कन्सोलच्या पंख्यावर बसला तर उष्णता बाहेर कशी पडणार? इथं पीएस५ ची रचना मला मनापासून आवडली. बाजूची पांढरी कव्हरं हातानं निघतात आणि आत धूळ साठण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोकं आहेत, त्यांना व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. एक्सबॉक्सची पेटी दिसायला सुटसुटीत, पण आत स्वच्छ करायचं तर स्क्रूड्रायव्हर घ्यावा लागतो, आणि वॉरंटीत असताना ते करायला माझा हात धजत नाही.

जून

५ जूनला स्विच २ जगभर आला आणि आपल्यातले निम्मे जण तिकडं वळले. मीही पंधरा दिवस त्याच नादात होते. ७.९ इंची पडदा, २५६ जीबी जागा, प्रवासात हुतात्मा एक्सप्रेसमध्ये खेळता येईल ही कल्पनाच छान. शिवाय आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवरच आला होता, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

पण निन्टेंडो भारतात अधिकृत विक्री करत नाही. जो माल मिळतो तो बाहेरून आणलेला, इथं कंपनीची वॉरंटी नाही, भारताचं ई-शॉप (निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान) ही नाही, त्यामुळं खातं दुसऱ्या देशाचं काढून गिफ्ट कार्डांवर भागवावं लागतं. हे जमवणारे आपल्यात आहेत आणि ते समाधानी आहेत. कॅसेटना देशाचं बंधन नाही हाही मोठा फायदा.

जे स्विच २ च्या शोधात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. जपानमध्ये स्वस्तात विकलं जाणारं मॉडेल (बाजारात आलं तेव्हा ४९,९८० येन) फक्त जपानी भाषेत चालतं आणि त्यावर जपानचंच निन्टेंडो खातं जोडता येतं. कुणी 'जपानहून आणलाय, म्हणून स्वस्त' म्हणाला तर आधी भाषेची सेटिंग उघडून दाखवायला सांगा. आणि स्विच २ च्या काही कॅसेटमध्ये गेम नसतोच, फक्त किल्ली असते; कॅसेट घालून गेम डाउनलोड करावा लागतो. डब्याच्या पुढच्या बाजूवर तसं छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

मी स्विच यादीतून काढला. बिघडलं तर कुणाकडं जायचं याचं उत्तर नसलेली वस्तू पहिला कन्सोल म्हणून नको.

जुलै–ऑगस्ट

नवी पेठेत चौकशी केली. दुकानात पीएस५ समोर मांडलेला होता, एक्सबॉक्स 'मागवून देतो ताई' या उत्तरावर. काउंटरवरच्या मुलाला मी एकच प्रश्न विचारला: डिस्क परत घेता का? तो म्हणाला, घेतो, पीएसच्या घेतो. एक्सबॉक्सच्या डिस्क कुणी मागत नाही.

तिथून माझ्या शोधाला वळण मिळालं. घरी येऊन ओळखीच्यांची यादी काढली. विजापूर रोडच्या मावसभावाकडं पीएस५. ऑफिसातल्या दोघांकडं पीएस४, त्यातला एक पीएस५ घेणार. जुळे सोलापुरात राहणाऱ्या मैत्रिणीच्या मुलाकडं पीएस४, डिस्कचा ढीग आहे. एक्सबॉक्स असलेला एकच जण, आणि त्याच्याकडं सिरीज एस, म्हणजे डिस्क नाहीच.

पीएस५ वर पीएस४ चे जवळपास सगळे गेम चालतात. म्हणजे डिस्कवाला पीएस५ घेतला की त्या घरांतली सगळी कपाटं मला उघडी. 'क्रिकेट २४' मावसभावाकडं आहेच. डिजिटल घेतला तर यातलं काहीच हाताशी नाही.

हिशेब मांडते. एप्रिल २०२४ मध्ये पीएस५ स्लिम भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि डिजिटलची ४४,९९० होती. फरक दहा हजार. २०२५ मध्ये सोनीचे मोठे नवे गेम बहुधा ४,९९९ ला येत होते. डिजिटलवर घेतलेला गेम संपला की तो खात्यातच राहतो, त्याचा रुपया परत येत नाही. डिस्क घेतली, महिन्याभरात संपवली, हजार-दीड हजार कमी घेऊन विकली, की असे तीन गेम झाल्यावर तो फरक भरून निघतो. उसने आणले तर त्याआधीच. डिजिटलवाले म्हणतील की ऑनलाइन स्टोअरचे सेल असतात आणि एका घरातल्या दोन खात्यांना गेम वाटून घेता येतो. खरं आहे. जे एकटे खेळतात, ज्यांच्या आसपास कुणाकडं कन्सोल नाही, त्यांनी डिजिटल घ्यावा, त्यात कमी काही नाही. सोलापुरात मात्र वस्तू हातोहात फिरतात. ट्रॅक्टरचा नांगर जसा एका शेतातून दुसऱ्यात जातो तशी आमच्या ओळखीत डिस्क जाते, आणि परतही येते.

इंटरनेटचंही यात आहे. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर सरळ सुरू राहिला तरी साडेपाच तास. मध्ये लाइट गेली की राउटर बंद. डिस्कवरून बराच भाग यंत्रात उतरतो, अपडेट तेवढे नेटवरून.

याच दिवसांत आक्कानं जुन्या पीएस४ चा आग्रह धरला. बारा-पंधरा हजारांत मिळत होता, आणि मुलांना क्रिकेटच तर खेळायचंय असं तिचं म्हणणं. दोन ठिकाणी जाऊन पाहिला. जुना बघायला जाणाऱ्यांनी एवढं कराच: स्वतःची डिस्क घेऊन जा आणि ती आत-बाहेर करून बघा, जड गेम वीस मिनिटं चालवून पंख्याचा आवाज ऐका, कंट्रोलरच्या काड्या मधोमध सोडून मेनू आपोआप सरकतो का बघा, आणि तिथंच स्वतःच्या खात्यानं लॉगिन करा, म्हणजे यंत्रावर बंदी आहे का ते कळतं. माझ्या मते पीएस४ आता फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना जुनेच गेम खेळायचेत. २०१३ चं यंत्र आहे, नवे मोठे गेम त्याला सोडून पुढं गेलेत. ज्याची सगळे वाट बघतायत तो जीटीए ६ हा गेमसुद्धा पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय.

सप्टेंबर: इन्व्हर्टर

यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर.

आमच्याकडं ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी. १२ व्होल्टला १५० एएच म्हणजे कागदावर १,८०० वॅट-अवर. पीएस५ जड गेमला साधारण २०० वॅट घेतो, सिरीज एस ८० च्या आत, स्विच त्याहून कितीतरी कमी. माझा टीव्ही १००, एक पंखा ७५, ट्यूब २०. पीएस५ सह बेरीज ४०० च्या जवळ. गणितानं साडेचार तास येतात, पण बॅटरीची क्षमता वीस तास हळूहळू वापर धरून मोजलेली असते. एकदम ओढलं की ती कमी देते, शिवाय इन्व्हर्टरचं नुकसान आणि बॅटरीचं वय. मी अडीच तास धरते. सिरीज एस असता तर साडेतीन-चार तास. विजेच्या बाबतीत सिरीज एस सगळ्यात शहाणा पर्याय आहे, हे मान्य करायलाच हवं.

मावसभावाचा पीएस५ दोन दिवस आणून लावून पाहिला. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस आणि साधा असा खटका असतो. साध्या मोडवर लाइट गेली की कन्सोल बंद पडला. यूपीएस मोडवर बदल इतका चटकन झाला की खेळ थांबला नाही. तुमच्या इन्व्हर्टरवर हा खटका शोधा, बहुतेकांच्या घरी तो साध्यावरच असतो. चौकोनी लहरींचा जुना इन्व्हर्टर असेल तर मात्र कन्सोल त्यावर लावू नका.

आणि रेस्ट मोड. झोपवून ठेवलेल्या पीएस५ ची वीज गेली की पुढच्या वेळी तो 'नीट बंद केला नव्हता' म्हणून साठवण तपासत बसतो. लाइटचा भरवसा नसेल तर रात्री पूर्ण बंद करा. डाउनलोड लावायचंच असेल तर समोर असताना.

ऑक्टोबर

सिरीज एस अजून यादीत होता तो एक्सबॉक्सच्या गेम पास या वर्गणी योजनेमुळं. डिस्क नको, महिन्याची वर्गणी भरा, शेकडो गेम. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे नवे गेम पहिल्या दिवशीच. नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला यापेक्षा चांगला सौदा नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला गेम पासच्या सगळ्यात वरच्या, अल्टिमेट योजनेची वर्गणी वाढली, अमेरिकेत १९.९९ डॉलरवरून २९.९९, भारतातही वाढलीच. वर्गणीवर उभा असलेला कन्सोल वर्गणी बदलली की बदलतो. शिवाय ५१२ जीबीच्या सिरीज एसमध्ये वापरायला साडेतीनशे जीबीच्या आसपासच उरतात आणि जागा वाढवायची तर त्यांचंच खास कार्ड. पीएस५ मध्ये बाजारात मिळणारा एम.२ एसएसडी (साठवण वाढवणारी छोटी पट्टी) बसतो, फक्त तो जेन ४ चा, म्हणजे चौथ्या पिढीचा, आणि हीटसिंकसह (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्टीसह) हवा.

सिरीज एक्स ताकदीनं उत्तम, कंट्रोलरमध्ये साधे सेल हे तर मला पीएसपेक्षा बरं वाटतं, कारण सेल बदलता येतात. डिस्क ड्राइव्हही आहे. पण इथं डिस्क द्यायला-घ्यायला कुणी नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात पीएस५ स्लिम डिस्कवाला घेतला.

दिवाळीनंतर

फळी ठरल्याप्रमाणं. कन्सोल आडवा ठेवलाय, खालच्या छोट्या आधारांवर. आधीपासून भरलेला 'अॅस्ट्रोज प्लेरूम' आईच्या हातात दिला. पावसाचे थेंब कंट्रोलरमध्ये टपटपतात ते जाणवल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आणि भाच्याला द्यायला तयार होईना. ड्युअलसेन्सचं (पीएस५ च्या कंट्रोलरचं) हे कंपन आणि घट्ट होणारे ट्रिगर कुठल्याही तक्त्यात दिसत नाहीत. दुकानात जाल तेव्हा एकदा हातात घ्याच.

आक्का आणि मी 'स्प्लिट फिक्शन' खेळतोय. एकाच डिस्कवर दोघी, एकाच सोफ्यावर. हा गेम दोघांशिवाय चालतच नाही. भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा 'क्रिकेट २४' रात्री एकपर्यंत. दुसरा कंट्रोलर लगेच घ्यावा लागला, त्याची रक्कम बजेटमध्ये आधीच धरा.

कव्हर काढून पहिली सफाई पुढच्या महिन्यात करीन आणि किती तंतू निघाले ते इथं टाकीन. तापमानाची खरी परीक्षा मार्चनंतर. एसएसडीची घाई नाही, स्लिममध्ये आठशे जीबीच्या वर जागा मिळते.

'अॅस्ट्रो बॉट'ची डिस्क माझ्याकडं संपत आलीय. सोलापुरातल्या कुणाकडं 'ग्रॅन टुरिस्मो ७' असेल आणि अदलाबदल करायची असेल तर कळवा. रविवारी सकाळी पार्क चौकात भेटू.