वीस वर्षांचा फरक पटतो हो, पण मग माणसं बदलताना दाखवा ना

मोठ्या वयाचा हिरो अन् कॉलेजातली हिरोईन असली मालिका सुरू झाली की पहिले पंधरा दिवस सगळे नुसते आकड्यावर भांडतात. वीस वर्षांचा फरक, बापाच्या वयाचा, शोभते का हे. माझं शिलाईचं काम आहे, वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातलं गाव, दिवसभर बाया ब्लाउज टाकायला नाहीतर फॉल-पिकोला येतात आणि माप देता देता काल रात्रीच्या एपिसोडवर बोलतात, त्यामुळे ही भांडणं मी मशीनवर बसल्या बसल्या किती वर्षांपासून ऐकून राहिली आहे. आणि दर वेळी मला वाटतं, आकड्यात काय आहे, आकडा तर आपल्याला लगेच पटतो. आपल्या घरोघरी असे आकडे आहेत. आजीचं लग्न काढा, आजोबा बारा-पंधरा वर्षांनी मोठे निघतात. बिजवराला दिलेली एखादी आत्या नाहीतर मावशी प्रत्येक खानदानात सापडते. आणि आता तर उलटंच झालंय, शेती करणाऱ्या पोराला कोणी पोरगी देत नाही, शेती पाहिजे पण शेतकरी नको अशी अट, मग पोरगा पस्तिशी ओलांडतो आणि कुठूनतरी दूरच्या जिल्ह्यातून गरीब घरची तेवीस-चोवीसची पोरगी करून आणतात. म्हणजे टीव्हीवर जे बघून लोक तोंडाला पदर लावतात ते मांडव घालून आपल्याच गल्लीत होते.

मला न पटणारी गोष्ट वेगळी आहे. मालिका फरक दाखवते, पण त्या फरकासोबत जगताना माणसाचं काय काय होतं ते दाखवत नाही. प्रेम झालं, घरच्यांनी विरोध केला, लग्न झालं, आणि नेमकी जिथून खरी गोष्ट सुरू व्हायला पाहिजे तिथून मालिका पळ काढते.

‘तुला पाहते रे’ घ्या. २०१८ च्या ऑगस्टमध्ये झी मराठीवर सुरू झाली, सुबोध भावे विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातार ईशा निमकर. चाळीतली विशीतली पोरगी आणि चाळिशी पार केलेला उद्योगपती. मी पहिले काही महिने ती मालिका जीव लावून बघितली, कारण सुरुवातीला तिच्यात खरे प्रश्न होते. ईशाच्या आईला जी भीती वाटते ना, की एवढा मोठा माणूस आपल्या पोरीत काय बघते, ती भीती खरी होती, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला ती समजत होती. एक बाई तर मला म्हणाली, “पैसा असला ना वो, तर बुढाबी हिरो दिसते. हाच पोरगा चाळीस वर्षाचा अन् चार एकराचा असता तर कोनं सिरियल काढली असती का?” माझी सुई तिथेच थांबली. इतकं बरोबर कोणी बोललं नव्हतं. कारण त्या जोडीत वयाचा फरक जेवढा होता त्याच्या कितीतरी पट पैशाचा फरक होता, आणि ज्याच्याकडे वयही जास्त, पैसाही जास्त, ऑफिसही त्याचंच, त्याला ती पोरगी ‘नाही’ म्हणू शकते का, हा प्रश्न मालिकेने धरला असता तर काय मालिका झाली असती!

पण झालं काय. विक्रांत खोटा निघाला, तो मूळचा गजेंद्र पाटील, त्याने पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा खून केलेला, आणि ईशा म्हणजे त्याच राजनंदिनीचा पुनर्जन्म. शिल्पा तुळसकरने राजनंदिनी सुंदर केली, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हे वळण आलं आणि वयाचा प्रश्न जागच्या जागी मेला. ईशा वीस वर्षांची राहिलीच नाही, तिच्यात आधीच एक मोठी बाई येऊन बसली. जे शहाणपण तिने ठेचा खात मिळवायला पाहिजे होतं ते तिला मागच्या जन्मातून आयतं मिळालं. आणि त्याला बदलायची गरजच उरली नाही, कारण तो खुनी आहे, खुन्याला फक्त शिक्षा होते. पुढे हीच गोष्ट कन्नडमध्ये गेली, तेलुगूत गेली, आणि २०२५ मध्ये हिंदीत ‘तुम से तुम तक’ नावाने आली, तिथे तर पोरगी १९ ची आणि तो ४६ चा. गोष्ट इतक्या भाषांत चालते म्हणजे लोकांना ह्या विषयात खूप काही बघायचं आहे हे नक्की.

विषय टाळून निसटून जायची ही सवय जुनी आहे बरं. देवलांचं ‘संगीत शारदा’ नाटक १८९९ चं, म्हाताऱ्याला पोरगी विकणाऱ्या बापाची गोष्ट. देवलांबद्दल मला फार आदर आहे, त्या काळात त्यांनी भर रंगमंचावर त्या बापाची आणि त्या म्हाताऱ्याची लाज काढली. पण त्यातलंही लग्न शेवटी मोडते ते सगोत्र निघाल्यामुळे, वयामुळे नाही! त्या काळात वयाच्या कारणावर लग्न मोडता येत नव्हतं हे मी समजू शकते. आजच्या लेखकाला मात्र कोणी अडवलेलं नाही, तरी तो पुनर्जन्माची वाट धरतो.

कोणी म्हणेल, मग वयाच्या फरकाची गोष्ट नीट दाखवलीच नाही का कोणी? दाखवली ना. ‘उंच माझा झोका’, २०१२ साली झी मराठीवरच. न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाईंची. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा ते एकतीस वर्षांचे आणि त्या अकराच्या आसपास, म्हणजे फरक विक्रांत-ईशाएवढाच, आणि ते लग्न आज आपल्याला कुठल्याही अर्थाने बरोबर वाटणार नाही, पोरगी अकरा वर्षांची होती. विधवाविवाहाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाने पहिली बायको गेल्यावर वडिलांपुढे मान तुकवली आणि लहान पोरीशी लग्न केलं, लोकांनी तेव्हाही त्यांना बोल लावला. तरी ती मालिका मनात राहिली कारण तिच्यात रोज थोडं थोडं काहीतरी बदलत होतं. ती अक्षरं गिरवते, घरातल्या बायका टोमणे मारतात, ती रडते आणि पुन्हा पाटी घेते. आधी तेजश्री वालावलकर आणि मग स्पृहा जोशी, दोघींनी मिळून एक पोरगी बाई होताना दाखवली. आणि खऱ्या रमाबाई नवऱ्याच्या मागे वीसेक वर्षं जगल्या, पुण्याच्या सेवासदनचं एवढं मोठं काम उभं केलं. वयाच्या फरकाच्या लग्नात बायको मागे राहते, बरीच वर्षं एकटी राहते, ही सगळ्यात मोठी खरी गोष्ट आहे. कुठल्या प्रेमकथेवाल्या मालिकेत तुम्ही त्यावर नवरा-बायकोला बोलताना ऐकलंय?

मी ऐकलंय, पण टीव्हीवर नाही. आमच्या ओळीत एक काकू राहतात, बिजवराला दिलेल्या. बावीसच्या होत्या, काका एकोणचाळीसचे, पहिली बायको बाळंतपणात गेलेली आणि अकरा वर्षांचा पोरगा. म्हणजे त्या पोरात आणि ह्या नव्या आईत अकराच वर्षांचं अंतर. पोरगा कितीतरी दिवस त्यांच्या हातचं जेवला नाही, आजीकडूनच वाढून घ्यायचा. काकू काही त्याच्यामागे लागल्या नाहीत. परीक्षेच्या दिवसांत लाइन गेली की कंदील पुसून, वात कापून त्याच्या पुस्तकाशेजारी ठेवायच्या आणि निघून यायच्या, एवढंच. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तो पेढा आधी त्यांच्याकडे घेऊन आला. काका तसे वाईट नाहीत, पण जुन्या वळणाचे, बुधवारच्या बाजाराला जाताना स्वतः पुढे चालणार आणि काकू मागून पिशव्या घेऊन. व्यवहार सगळा त्यांच्याकडे, कृषी केंद्राची उधारी किती, पीककर्ज किती, जिनिंगमध्ये कापूस काय भावाने गेला, काकूंना काही पत्ता नसे. मग काकांचे गुडघे गेले, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि डवरणीपासून फवारणीपर्यंत सालदाराला काय सांगायचं ते हळूहळू काकूंवर आलं. पोराने त्यांना स्कुटी शिकवली. आता काका मागे बसतात, मांडीवर सोयाबीनच्या बियाण्याची बॅग धरून, आणि काकू चालवतात, आणि गावातून जाताना काका पूर्वीसारखे कोणाकडे पाहून ओशाळत नाहीत, उलट मोठ्याने सांगतात, “आमची गाडी हाये भाऊ, हटा.” हे व्हायला पंचवीस वर्षं लागली. त्यात काकूंपेक्षा काका जास्त बदलले असं मला वाटतं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्हाला भीती नाही वाटली का एवढ्या फरकाची. त्या म्हणाल्या, “मले ठाऊक होतं ना माय, हे माह्या आधी जातीन. मंग रडत बसू का सोय करू? सातबाऱ्यावर नाव चढवून घेतलं पयले.” शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीपासून ही गोष्ट आपल्याकडे बोलली जाते, बायकोच्या नावाने जमीन, पण काकूंनी ती आपल्या हिशोबाने वापरली. आता सांगा, ह्या एका वाक्यात किती एपिसोड आहेत! तिने तो विषय कसा काढला असेल, त्याला ते मरणाबद्दल बोलल्यासारखं लागलं असेल का, तलाठ्याकडे दोघं सोबत गेले असतील तेव्हा रस्त्यात काय बोलले असतील. मला हे बघायचं आहे.

म्हणून मला ‘नवरी मिळे हिटलरला’ बघताना हळहळ वाटायची. २०२४ ची, राकेश बापट आणि वल्लरी विराज. त्यात लीला ज्या घरात येते तिथे तिला तीन सुना, सासू सगळ्यात लहान. हा धागा अगदी आपल्या बिजवराच्या घरातला. वल्लरी गोड काम करते, पण तिच्या वाट्याला धांदरटपणा खूप आला, आणि सुनांच्या वाट्याला कारस्थानं. ज्या सुनेला आपल्याहून लहान बाईच्या पाया पडावं लागतं तिचं दुःख खरं आहे, ते कारस्थानात का वाया घालवायचं.

आणि एकदा झालेला बदल जपायचाही असतो हो. ‘अग्गंबाई सासूबाई’ मध्ये फरक वयाचा नव्हता, उशिरा झालेल्या प्रेमाचा होता, पण आसावरीचं बदलणं लोकांना पटलं कारण निवेदिता सराफांनी ते घाबरत घाबरत, एक पाऊल पुढे दोन मागे असं केलं. मुलगा काय म्हणेल, सासरे काय म्हणतील, आणि तिला धीर देणारी सून शुभ्रा, तेजश्री प्रधानची, ती तर आमच्या गावातल्या कितीतरी सुनांची लाडकी. मग २०२१ मध्ये ‘अग्गंबाई सूनबाई’ आली, शुभ्राचं काम दुसऱ्या मुलीला दिलं, आणि तीच शुभ्रा एकदम दबलेली, नवऱ्यापुढे गप्प. का बदलली, काय झालं मधल्या काळात, काही नाही. एवढी खंबीर पोरगी दबते तेव्हाही त्याच्यामागे काहीतरी घडतंच की, आणि ते घडलेलंच गाळलं. माझ्याकडे येणाऱ्या एका नव्या सुनेला त्याचा खरंच राग आला होता, म्हणे आम्ही हिच्याकडे पाहून बोलायला शिकलो आणि हिलाच मुकी केली.

मला कळतं की रोजचा एपिसोड लिहिणं सोपं नाही. आठवड्याचे सहा दिवस, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे, आकडा पडला की ट्रॅक बदला. लग्नापर्यंत आकडा चढतो आणि लग्नानंतर काय दाखवायचं ते सुचत नाही म्हणून मग खून, स्मृती जाणं, जुळी बहीण. नाहीतर लीप. पाच वर्षांनंतर अशी पाटी येते आणि तिच्या हातात एकदम पर्स, डोळ्यांवर चष्मा, कंपनीची मालकीण. अहो, ती जी पाच वर्षं तुम्ही पाटी टाकून उडवली ना, तिच्यातच तर सगळं आहे! तिने पहिल्यांदा त्याच्याशी भांडून स्वतःचं खरं कधी केलं, त्याला तिच्या मैत्रिणींमध्ये बसताना अवघडल्यासारखं झालं का, मूल व्हावं का ह्यावर दोघांच्या घड्याळात किती फरक पडला, तो रिटायर व्हायला आला आणि तिची नोकरी आता कुठे सुरू झाली तेव्हा घरात कोण थांबलं. आमच्या इथे रात्रीची शेतीची लाइन आली की माणसं ओलिताला जातात आणि बाया मोबाईलवर दिवसाचा राहिलेला एपिसोड बघतात, एकट्याने, शांतपणे, कोणी मधे बोलणारं नसताना. ह्या बायांना असे सीन जड होतील असं ज्याला वाटतं त्याने त्यांच्यासोबत एक दुपार बसावं.

आणि लिहिणाऱ्यांपैकी कोणापर्यंत हे पोचलंच तर पुढच्या वेळी एवढं करा, हिरोला उद्योगपती नका करू. त्याला कृषी केंद्र चालवणारा करा, झेडपी शाळेतला मास्तर करा, बेचाळीसचा, पहिली बायको गेलेली, घरात अकरा वर्षांचा पोरगा. पोरगी सव्वीसची घ्या, नर्सिंग झालेली, नाही म्हणू शकणारी. आणि लग्न पन्नासाव्या भागातच उरकून टाका.