बूड टेकायला जागा

रविवार, रात्रीचे साडेदहा

काल रात्री लातूर एक्स्प्रेसच्या खिडकीतून आत्या म्हणाली, "सगळं बघितलं बघ माय. नुसतं बूड टेकायला जागा नव्हती." सूर तक्रारीचा नव्हता. यंदा तूर बरी आली, अशा सुरात म्हणाली, आणि गाडी हलली. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तेव्हाही काही बोलले नाहीत. त्यांच्या गुडघ्याचं मी विचारायला हवं होतं, ते राहिलंच.

आज सकाळी ओट्याच्या कोपऱ्यात धपाट्यांचं गाठोडं दिसलं. धुवट पांढरं फडकं, त्यावर दोन गाठी. गुरुवारी संध्याकाळी तिने घरी मारल्या त्याच गाठी. दोन दिवसांत कुणी सोडल्याच नाहीत.

वही समोर घेऊन बसले आहे. त्या दोघांना दोन दिवसांत मुंबई दाखवायची, पंधरा दिवस खपून केलेली आखणी आहे ही. वेळ, ठिकाण, कसं जायचं, खायचं कुठे, पैसे किती, असे पाच रकाने. बसायला जागा नव्हती म्हणजे काय? लाँचमध्ये जाऊन-येऊन दोन तास बसलो. टॅक्सीत पाचदा. मेट्रोत बसलो, हॉटेलात बसलो. बेरीज केली तर सहा तासांच्या वर जाते. मग?

दिवस निवडले तेही उगाच नव्हते. आधी कालनिर्णय काढून वार लावले. मार्गशीर्षातला गुरुवार आत्याचा उपवासाचा, म्हणून तो प्रवासाला दिला. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. बुधवारी राणीची बाग बंद आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग. रविवारी मेगाब्लॉक. सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत जलद गाड्या धीम्या मार्गावर नाहीतर धीम्या जलदवर, आणि हार्बरच्या एखाद्या टप्प्यात गाड्याच नाहीत. पाहुण्यांना घेऊन रविवारी निघायचं असेल तर ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे हे आदल्या दिवशी बघावंच लागतं. एवढ्या चाळणीतून शुक्रवार आणि शनिवार तेवढे उरले. हे कुणाला सांगायचं? पाहुण्यांना वाटतं, शुक्रवारी आलो म्हणून शुक्रवारी फिरलो.

घर ठाण्यात असून त्यांना थेट सीएसएमटीला उतरवलं, यावर तर मी स्वतःवर खूश होते. सकाळी आठ ते अकरा ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये साठीच्या पुढची दोन माणसं चढवणं हा विचारच करू नये. सकाळची गर्दी मुंबईकडे, संध्याकाळची मुंबईहून बाहेर. बाहेरगावची गाडी आपसूक शेवटापर्यंत नेते, तर तिच्यातूनच जावं. प्रतीक्षालयात तोंड धुवावं, सामान क्लोकरूममध्ये टाकावं आणि दिवस तिथूनच सुरू करावा. क्लोकरूमला दोन गोष्टी लागतात, गाडीचं तिकीट आणि प्रत्येक नगाला कुलूप. बॅगेला कुलूप होतं. आत्याच्या कापडी पिशवीला साधी चेनसुद्धा नाही. ती घेतली नाही. नियमच आहे तो.

म्हणून ती पिशवी दोन्ही दिवस तिच्याबरोबर फिरली. त्या पिशवीत धपाटे होते.

हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. काल नाही आलं.

शुक्रवार पुन्हा वाचते. न्याहारी उरकून गेटवेला टॅक्सी, पन्नास-साठ रुपये. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही हे मामांना तीनदा सांगावं लागलं. गेटवेहून घारापुरीची पहिली लाँच नऊच्या सुमारास निघते, पण ती भरेपर्यंत थांबते, म्हणून साडेनऊ धरावेत. समुद्रात सुमारे एक तास. वरच्या डेकचे थोडे पैसे वेगळे लागतात, आणि वर जायचा जिना अरुंद, उभा. गुडघे दुखणाऱ्याने खालीच बसावं. उतरल्यावर धक्क्यावरून पायथ्यापर्यंत किलोमीटरभर चाल आहे, तिथे छोटी गाडी मिळते, ती घ्यावी. मग सुमारे १२० पायऱ्या. डोलीवाले असतात, भाव खाली उभं राहून, जाऊन-येऊनचा ठरवावा. मामा डोलीला नाही म्हणाले. मी आग्रह केला नाही, कारण वहीत ११ वाजता लेण्यात पोचायचं होतं आणि घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सदाशिवाची ती तीन मुखांची मूर्ती, वीसएक फुटांची. आत्या तिच्यासमोर हात जोडून उभी राहिली, आणि मग खांबाच्या कडेला खाली टेकायला वाकली. मी म्हटलं, "आत्या, एकची लाँच गाठायची आहे." ती उठली.

हे मी खोडणार होते. राहू दे.

परतीच्या लाँचमध्ये ती समोरच्या बाकावर होती. पिशवी मांडीवर, दोन्ही बंद मनगटाला वेढा देऊन घट्ट धरलेले. पाठ टेकलेली नाही. चपला पायात, टाचा वर उचललेल्या, आत्ताच उठायचं असल्यासारख्या. दर दहा मिनिटांनी तेच, "आलं का गं?" टॅक्सीतही तेच. मेट्रोत तर दार उघडलं की प्रत्येक स्थानकाला ती उठायची. माझी सहा तासांची बेरीज ही आहे. आत्या घरी कशी बसते ते मला ठाऊक आहे. चपला दाराशी, एक पाय मुडपून खाली घेतलेला, दुसरा गुडघा वर, पाठीला भिंत. आणि मग बोलायला लागते. दोन दिवसांत ती काही बोललीच नाही. मला वाटत होतं, मुंबई बघून गप्प झाली आहे.

बेटावर गाठोडं सोडायचं म्हटलं तर माकडं. तिथे हातातली पाण्याची बाटलीसुद्धा ती ओढून नेतात, खाण्याची पिशवी तर उघडूच नये. परत आल्यावर दोन वाजले आणि मी जेवायला फोर्टमध्ये नेलं, तेही आधी हेरून ठेवलेल्या ठिकाणी, कारण तीननंतर तिकडची बरीच जेवणघरं थाळी बंद करतात. आत्या पिशवीकडे बघून एवढंच म्हणाली, "हे होतं की." मी म्हटलं, "असू दे गं, रात्री खाऊ." मग वस्तुसंग्रहालय, मग मरीन ड्राइव्ह. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून साडेपाचला कठड्यावर. कठडा छान रुंद आहे, पण उंच आहे. तिचे पाय अधांतरी लोंबत होते.

शनिवारही असाच. दादरला मध्य रेल्वेचे फलाट २०२३च्या डिसेंबरपासून ८ ते १४ झाले, पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, हे वहीत लाल शाईत लिहिलं होतं, आणि त्यामुळे चुकलो नाही. सिद्धिविनायक सकाळी लवकर. नंतर आस्वादला मिसळ आणि थालीपीठ, कारण शनिवारी दहानंतर तिथे बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं. भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आहे, ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानकं. तिच्यामुळे दादरहून गिरगाव किंवा हुतात्मा चौक गाठणं सोपं झालं. पण रस्त्यापासून फलाटापर्यंत उतरायलाच पाचेक मिनिटं जातात, सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकायला आत्याला दोन वेळा माघार घ्यावी लागली, आणि स्थानकातली आतली चाल मी मोजलीच नव्हती. माझ्या फोनवर त्या दिवशी १४,२०० पावलं. तिची पावलं माझ्यापेक्षा लहान पडतात, म्हणजे तिची जास्तच.

मला वाईट वाटतंय ते नेमकं कशाचं? सकाळपासून वाटत होतं, केलेल्याचं चीज झालं नाही. आता तसं वाटत नाही. गाड्या चुकल्या नाहीत, कुणी उपाशी राहिलं नाही, पावसाळा नव्हता, बंद दाराशी एकदाही उभे राहिलो नाही. आखणी चांगलीच होती. ती माझ्या पायांची होती, एवढंच. आणि आत्याने ते सरळ शब्दांत सांगितलं, तेही गाडी सुटताना, म्हणजे मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून. तिचा स्वभावच तो.

एकदा मात्र ती बसली होती. शुक्रवारी रात्री, परतीच्या लोकलमध्ये. सीएसएमटीहून कल्याण, कर्जत, कसारा यांच्या जलद गाड्या मी मुद्दाम सोडल्या आणि ठाणे धीमी घेतली. तासभर लागतो, पण गाडी तिथूनच सुटते म्हणून खिडकी मिळते आणि ठाण्यालाच संपते म्हणून उतरायची धास्ती नाही. दारात जाऊन आधीपासून उभं राहायला नको, कुणाला "ठाणा उतरणार?" विचारायला नको. हे मी तिला चढतानाच सांगितलं होतं. भायखळा गेलं तसे तिने चपलांतून पाय काढले. घाटकोपरला बघते तर एक पाय मुडपून वर घेतलेला, डोकं खिडकीच्या गजाला, झोपलेली. पिशवी शेजारी ठेवलेली, मनगटाला वेढा नाही.

फेब्रुवारीत मामांच्या बहिणी येणार आहेत, दोघी. त्यांच्यासाठी नवीन पान काढलं आहे आणि आधी बसायच्या जागा लिहिते आहे, बाकीचं त्यांच्याभोवती लावीन. बाणगंगेच्या पायऱ्या, सावली असेल त्या बाजूला. वाळकेश्वरला टॅक्सीनेच जावं, चढ आहे. तिथून हँगिंग गार्डन जवळ, तिथले बाक पाठीचे आहेत. गिरगाव चौपाटीची वाळू, पण चारनंतरच, आधी तापलेली असते. जुन्या साडीचा एक तुकडा बरोबर घ्यायचा अंथरायला. फोर्टात हॉर्निमन सर्कलची बाग, दुपारच्या उन्हात झाडाखाली. राणीच्या बागेत जुनी झाडं आणि बाक भरपूर आहेत. तिथे पेंग्विन आधी बघायचे नाहीत, आधी बसायचं. भायखळ्याला जलद लोकल थांबते, पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाल. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह, ११५ नंबरची दुमजली एसी बस मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा, शेवटच्या थांब्यापर्यंत. तीही संपते तिथेच उतरायचं असल्यामुळे विचारपूस नाही. बसचं भाडं १२ रुपयांपासून.

घारापुरी ठेवायची की नाही, ठरत नाही. ठेवली तर त्या दिवशी दुसरं काहीच नाही. जायचं, सदाशिवासमोर अर्धा तास बसायचं, यायचं. संग्रहालय दुसऱ्या दिवशी. साठीच्या वरच्या माणसाला दिवसाकाठी एक मोठं ठिकाण आणि एक बसायचं ठिकाण, त्याहून जास्त लिहायचं नाही. दोन ठिकाणांमध्ये नुसता प्रवासाचा वेळ धरला की फसतं. लघवीला जाऊन येणं, पाणी पिणं, चपलेचा पट्टा, वाटेत दिसलेली बांगड्यांची गाडी, या सगळ्याला मिळून दर वेळी अर्धा तास जास्तीचा. आणि एका जेवणासमोर हॉटेलचं नाव न लिहिता मोकळी जागा सोडायची. लातूरहून कुणी रिकाम्या हाताने येत नाही.

आणि एक छोटं कुलूप, चेनची पिशवी. ती आपणच स्थानकावर न्यायची, त्यांची कापडी पिशवी तिच्यात घालून क्लोकरूमला द्यायची. गाठोडं तेवढं बाहेर काढून.

आत्याला फोन केला संध्याकाळी. पोचले सुखरूप. धपाट्यांचं मी काढलं नाही, तिनेही नाही. तिने शेजारच्या काकूंना लोकलचं सांगितलं म्हणे. मामांचा गुडघा विचारला. "आहे," म्हणाली.

मग गाठोडं घेऊन जमिनीवरच बसले. गाठ ओल्या हाताने आवळलेली असावी, नखं लावून सोडावी लागली. अकरा धपाटे, मध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. थंडीमुळे टिकले आहेत, कडा तेवढ्या चामट झाल्यात. तव्यावर तूप सोडून दोन गरम केले. नऊ उरले. उद्या डब्याला.