अडीचशे किलो, चालण्याच्या वेगात

पहाटे साडेपाचला तिन्ही गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि टाक्यांवर दव साचलं होतं. डावीकडे सुझुकी हायाबुसा, मधे ट्रायम्फ रॉकेट ३, उजवीकडे बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस. आम्ही तिघं, हातात दोन दिवस. वाटेत पठारावरचा सरळ रस्ता, मग घाट, घाटमाथ्यावर काही किलोमीटर खडी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. दर पन्नास किलोमीटरला गाड्यांची अदलाबदल करायची आणि परतल्यावर यातली कोणती घ्यायची ते मी ठरवायचं, असा बेत होता.

माझी उंची १६० सेंटिमीटर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं याच उंचीवरून पाहिलेलं आहे. अकरा वर्षं मी ३५० सीसीची गाडी चालवतेय, लांबचे पल्लेही केलेत. पण एवढी जड गाडी एकटीने कधी हाताळली नव्हती.

मावसभावाने हेल्मेट चढवून हायाबुसा चालू केलीसुद्धा. काकांनी हात आडवा केला. काकांनी आम्हा दोघांनाही गाडी शिकवली, आता सत्तरीला टेकलेत.

"आधी मैदान. रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. शंभरच्या वेगाला गाडी स्वतःला सांभाळते, पाचच्या वेगाला तुम्हाला सांभाळावी लागते."

मोकळ्या मैदानात त्यांनी दगड मांडले आणि दोन तास आम्ही फक्त गोल फिरलो. हँडल पूर्ण वळवायचं, हाफ क्लचवर चालायचं, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा, नजर पुढच्या चाकावर नाही तर खांद्यावरून मागे, जिथे जायचंय तिथे. पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. आणि मी नेमकं तेच केलं. हायाबुसावर, अर्ध्या वळणात, सवयीने. पुढचे शॉक दबले, गाडी जागच्या जागी थांबली आणि २६४ किलो वजन डाव्या मांडीवर कलायला लागलं. पहिल्या क्षणी ते पेलता येतं. गाडी आणखी थोडी कलली की मात्र कितीही जोर असला तरी पेलत नाही. मावसभाऊ धावत आला, पलीकडून हँडल धरलं, आणि दोघांनी मिळून गाडी उभी केली. माझे गुडघे थरथरत होते.

"ताई, आधी पाणी पी," तो म्हणाला. काका म्हणाले, "पाणी नंतर. आधी तीच फेरी पुन्हा." ते बरोबर होते. लगेच पुन्हा केली नसती तर ती भीती दिवसभर हातात राहिली असती.

मैदानात एक गोष्ट लख्ख कळली. कागदावर जीएस २४९ किलोची आणि हायाबुसा २६४ ची, म्हणजे फरक फक्त पंधरा किलोंचा. हाताला तो फरक कितीतरी मोठा लागतो. जीएसच्या बॉक्सर इंजिनाचे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे बाहेर आलेले असतात. त्यामुळे वजन खाली राहतं, आणि हँडल रुंद असल्याने हाताला तरफ मिळते. ही मांडणी माक्स फ्रिट्झ या अभियंत्याने १९२३ च्या आर ३२ या गाडीसाठी केली आणि शंभर वर्षांनंतरही बीएमडब्ल्यूने ती सोडलेली नाही. उभ्या गाडीची रेस वाढवली की सगळी गाडी किंचित एका अंगाला कलून परत येते. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, गाडीच्या लांबीत बसवलेला असल्यामुळे असं होतं. मला ते फार आवडलं. मी नुसती उभी राहून तीन-चार वेळा रेस दिली.

पण जीएसची सीट जमिनीपासून ८५० मिलिमीटर, आणि माझे दोन्ही पाय एकदम टेकणं अशक्य. हायाबुसा ८०० ची. रॉकेटची ७७३, त्यामुळे तिच्यावर तळवे पूर्ण टेकून निवांत बसता येत होतं. म्हणजे जी सगळ्यात जड, पेट्रोल-ऑइलशिवायच २९१ किलोची, तीच उभी धरायला मला सगळ्यात सोपी. वळवायला मात्र तीच सगळ्यात हट्टी. मागचा टायर २४० मिलिमीटर रुंद आहे आणि एवढा रुंद टायर कलायला सहज तयार होत नाही.

साडेआठला रस्त्याला लागलो. पठारावर पहिली पाळी माझ्याकडे हायाबुसाची. जपानीत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. १९९९ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिने वेगाचा असा आकडा गाठला की कंपन्यांनी आपसातल्या समजुतीने ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास रेघ ओढून घेतली. मला त्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. मला आठवतोय तो ताशी शंभरचा वेग. सहावा गिअर, इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्याही खाली, काचेमागे वारा नाही, चारही सिलिंडर एका सुरात. १९० अश्वशक्तीचं इंजिन इतकं मवाळ असेल असं वाटलं नव्हतं. मूठ जरा पिळली की वेग येतो, पण धक्का येत नाही. क्षितिज तेवढं जवळ येतं. धोका याच गुळगुळीतपणात आहे. शंभरचे एकशे चाळीस कधी झाले ते अंगाला कळत नाही, आणि एकशे चाळीसला गाडी थांबवायला लागणारं ब्रेकिंगचं अंतर शंभरच्या जवळपास दुप्पट असतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. मी तासाभरात चार वेळा मीटर बघून मूठ सैल केली. पन्नास किलोमीटरनंतर मनगटांवर भार जाणवायला लागला. पुढे झुकून बसायची ही गाडी आहे आणि माझे हात तिच्या मानाने आखूड पडतात.

घाटाच्या पायथ्याशी रॉकेट घेतली. २४५८ सीसी, तीन सिलिंडर. एकेक सिलिंडर ८१९ सीसीचा, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीचं अख्खं इंजिन एका सिलिंडरमध्ये मावेल. इथे मला टॉर्क आणि अश्वशक्ती यांतला फरक पहिल्यांदा अंगाने समजला. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, आणि तो जोर किती फेऱ्यांना मिळतो त्यावरून अश्वशक्ती ठरते. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि साधारण ७०२४ ने भागा, झाली अश्वशक्ती. रॉकेट ४००० आरपीएमलाच २२१ न्यूटन-मीटर देते, म्हणजे तिथेच सुमारे १२६ अश्वशक्ती हाताशी. हायाबुसाचा सर्वाधिक टॉर्क १५० आणि तोही ७००० ला. तिची १९० अश्वशक्ती गाठायची तर इंजिन ९७०० पर्यंत न्यावं लागतं. चढावर, वळणातून बाहेर पडताना, ट्रकच्या मागे अडकल्यावर ९७०० कोण नेतं? संपूर्ण घाट मी तिसऱ्या गिअरमध्ये चढले. एकदाही गिअर उतरवावा लागला नाही.

वळणांवर मात्र तिला स्पष्ट सांगावं लागतं. डावीकडे जायचंय तर डावं हँडल पुढे ढकला. सायकलपासून आपण सगळे हेच करत असतो, फक्त नकळत. छोट्या गाडीवर शरीर कललं की भागल्यासारखं वाटतं. इथे तळहाताने ठामपणे ढकलल्याशिवाय गाडी आत येत नव्हती, आणि एकदा आली की मग तारेवरून सरकावी तशी ठरल्या रेषेवरून जात होती. आठव्या-नवव्या वळणापासून मी वळणाआधी वेग कमी करून, नजर वळणाच्या टोकाला लावून, शांतपणे ढकलायला लागले. माथ्यावर हेल्मेट काढलं तेव्हा काका म्हणाले, "आता तू चालवत होतीस. खाली तीच तुला नेत होती."

माथ्यावर सहा किलोमीटर डांबर उखडलेलं, नुसती खडी. तिथे जीएस माझ्याकडे होती. फूटरेस्टवर उभी राहिले, गुडघे टाकीला लावले, हँडल सैल धरलं. पुढचं चाक १९ इंची, आणि पुढच्या सस्पेन्शनची रचना अशी की ब्रेक लावला तरी गाडी नाकावर कोसळत नाही. चाक खडीवर डावीउजवीकडे हलत होतं आणि मी त्याला हलू देत होते. मागून मावसभाऊ हायाबुसा जीव मुठीत धरून आणत होता.

मधेच समोरून ट्रॅक्टर आला, थांबावं लागलं. डाव्या बाजूला चाकोरी, चांगली वीतभर खोल. तिथे पाय टाकला असता तर तो जमिनीला लागलाच नसता आणि गाडी गेली असती. हे मला थांबायच्या आधी दिसलं, कारण तोपर्यंत दिवसभर मी एकच गोष्ट शिकत होते: आधी जमीन बघायची, मग थांबायचं. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून, हाफ क्लचवर आणखी एक मीटर पुढे सरकले. तिथे चाकोरीला लागून एक दगड वर आला होता. सीटवरून अर्धी घसरून डाव्या पायाचा चवडा त्यावर टेकवला. ट्रॅक्टर गेला. कुणी पाहिलंही नसेल. पण अकरा वर्षांत गाडीवर मला असा आनंद क्वचित झालाय.

परतीच्या दिवशी मावसभावाला मागे बसवून तिन्हींवर थोडं थोडं अंतर गेलो. टेस्ट राइड घेणाऱ्यांनी हे करावंच, कारण मागे माणूस बसला की गाडी निराळी होते. रॉकेटला काही फरक पडला नाही. हायाबुसावर त्याचे गुडघे छातीशी आले. जीएसवर सस्पेन्शन दोघांसाठी लावून घेतलं, आणि मग तो मागे आहे हे फक्त चढावर थांबून निघताना जाणवलं.

मी जीएस घेणार आहे, ८२० मिलिमीटरची कमी उंचीची सीट लावून. घाटात मला रॉकेटची आठवण येईल, हेही खरंच.

संध्याकाळी पाचला परत मैदानात पोचलो. दगड तिथेच होते. मावसभाऊ सामान सोडत होता. मी जीएस घेऊन आत शिरले, हँडल पूर्ण डावीकडे, नजर खांद्यावरून मागे, पुढच्या ब्रेकपासून बोटं लांब. फेरी पूर्ण झाली. मग उजवीकडून. काका कडेला उभे राहून बघत होते. मग ते आत आले, एक दगड उचलला आणि हातभर आत सरकवला. मी वळून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकली.